होणाऱ्या व्याह्यांना मी दार्जिलिंगला धाडलं

सिलिगुडी,
कालीपूजेच्या आधीचा रविवार

पूजनीय जामाईबाबू,

दुर्गामाता विसर्जनाला जाऊन इतके दिवस झाले तरी या भोंबलचा विजयादशमीचा प्रणाम आला नाही, यावरून आपण दीदीला दोन-चार टोमणे मारले असतील याची मला खात्री आहे. टोमणे मान्य. प्रणाम आता घ्या, दोन्ही पायांना वेगवेगळा, कारण डाव्या गुडघ्याला सूज आहे असं दीदी फोनवर म्हणत होती आणि त्याची चौकशी निराळी करायला हवी. मोहरीच्या तेलात लसूण तळून कोमट कोमट चोळता ना? (डॉक्टर नको म्हणाले असतील. ते कोलकात्याचे डॉक्टर, सपाट जमिनीवर वाढलेले, त्यांना गुडघ्यातलं काय कळणार? आमच्याकडे डोंगर उतरून आलेले गुडघे रोज येतात.) आपल्याला गोड बंद केलंय हे ऐकून वाईट वाटलं होतं. मग दीदी म्हणाली की बंद फक्त घरात आहे, तेव्हा जिवात जीव आला. शिप्रा प्रणाम सांगते. लेक तोर्सा सांगत नाही. ती रागावली आहे, आपल्यावर नव्हे, माझ्यावर. का, ते सवडीने सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. षष्ठीच्या दिवशी आपण फोन केलात आणि म्हणालात की होणाऱ्या जावयाच्या, शौभिकच्या, वडिलांना, म्हणजे लाहिरीमोशायना, तोर्साचं लग्न कोलकात्यातच हवंय, सिलिगुडीला आलेलं वऱ्हाड लग्न सोडून दार्जिलिंगला पळेल अशी त्यांना भीती आहे, हॉलही बघून ठेवलाय, आणि आपल्यालाही ते पटतंय. का पटतंय, तेही सांगितलंत. "अरे भोंबल, सिलिगुडी हे काय लग्न लावायचं ठिकाण आहे? ती गाडी बदलायची जागा." जामाईबाबू, आपण वडीलधारे, माझ्या दीदीचे यजमान, आणि या सोयरिकीतले मध्यस्थ. मी फोनवर "हो हो, तेही खरंच" म्हणालो, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन शिप्रावर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता. पण कोणावर तरी ओरडणं भाग होतं आणि आपण लांब होतात.

गाडी बदलायची जागा! अहो, वर दार्जिलिंगला जाऊन ज्या कपाबरोबर आपण फोटो काढता, त्या कपातली साखर आमच्या गोदामातून गेलेली असते. कपही आमच्याकडूनच गेलेला असतो. गंगटोकला चूल पेटते ती इथून गेलेल्या टाकीवर. भूतानचा बटाटा, डुआर्सचा चहा, सिक्कीमची वेलची, सगळ्यांना आधी आमच्या दारात उतरावं लागतं, मग जगात तोंड दाखवता येतं. नेपाळातली माणसं दात काढायला आमच्याकडे येतात आणि दात काढून झाले की त्याच गालाने मोमो खाऊन, मुलांना बूट घेऊन परत जातात. एका सकाळी आमच्या रस्त्यावर जितक्या भाषांत शिव्या ऐकू येतात तितक्या आपल्या कोलकात्यात वर्षभरात ऐकू येणार नाहीत. (बॅटरीवरच्या टोटो रिक्षांमुळे गर्दी फार झाली आहे हे मी मान्य करतो. पण तेही आमचेच टोटोवाले.) आणि एक दिवस, एकच दिवस, सिलिगुडीने गाडी बदलून दिली नाही, तर वरचे देव सोडून सगळे उपाशी राहतील. हे सारं मी आपल्याला फोनवर सांगणार होतो. नेमक्या वेळी सुचलं नाही.

बरं, माझं एक सोडा. तोर्साने ऐकलं आणि ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी या दारातून निघेन. हॉलमधून नाही. ते जमणार नसेल तर रजिस्टर करू, दोन सह्या, संपलं." तिचा स्वर आपल्याला माहीत आहे. आपल्या सासूबाईंचा होता तसाच. आता मला सांगा, एकुलती मुलगी, तिच्या हळदीला गल्लीतल्या बायका जमणार नाहीत, क्लबची पोरं मांडव घालणार नाहीत, माझे चाळीस ड्रायव्हर पंगतीत बसणार नाहीत, आणि मी एका परक्या हॉलमध्ये भाड्याच्या खुर्चीवर बसून लेक देणार? तिसऱ्या दिवशी शिप्रा म्हणाली, "त्यांना एकदा येऊ तर द्या. जेवायला घाला. माणूस जेवला की विचार करतो." बेत तसा ठरला. लाहिरीमोशाय, त्यांच्या पत्नी इलादेवी आणि थोरल्या बहीण पिशीमा, तिघं दशमीनंतर दार्जिलिंगला निघाले होतेच. वाटेत आमच्याकडे दुपारचं जेवण, आमची पहिलीच भेट, आणि मग वर. त्या एका जेवणात मला लग्न सिलिगुडीला आणायचं होतं.

तयारी काय विचारू नका. तिस्तेचे बोरोली मासे मी स्वतः पहाटे घाटावर जाऊन जिवंत बघून आणले. तुलाईपांजीचा तांदूळ रायगंजहून मागवला. घरभर वास असा, की शेजारचे घोषबाबू दोनदा मीठ मागायला येऊन गेले. माझा मेहुणा हार घेऊन, लाहिरींच्या नावाची पाटी धरून न्यू जलपाईगुडी स्टेशनवर उभा. शिप्राने शंख धुऊन पुसून उंबऱ्याशी ठेवलेला. मी म्हटलं, गाडी यायला वेळ आहे, तोवर जंक्शनला आपल्या जीपगाड्यांच्या काउंटरवर एक चक्कर मारतो. (इथे शिप्राचं म्हणणं असं की तिने मला जाऊ नका म्हणून बजावलं होतं. मला तसं आठवत नाही.)

काउंटरवर येऊन बघतो तर पासांगची दार्जिलिंगची गाडी अडकलेली. आपल्याला आमच्या धंद्याची रीत माहीत आहे, गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. सात जण बसलेले, तीन जागा रिकाम्या, आणि ते सात जण तासाभरापासून बसून बसून तापलेले. एक बाई म्हणतेय मला वर शाळेत हजर व्हायचंय, एक जण म्हणतोय पैसे परत द्या, मागच्या सीटवर कोंबडी ओरडतेय, आणि पासांग हॉर्नवर हात ठेवून माझ्याकडे बघतोय. अशा वेळी माझ्या अंगात काय येतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. डोळ्यांना बाकी काही दिसेनासं होतं. फक्त तीन माणसं शोधायची.

आणि तेवढ्यात रात्रीच्या कोलकात्याच्या बसमधून तीन माणसं उतरली. ऑक्टोबरचं ऊन, मी घामाघूम, आणि तिघांच्या डोक्यावर माकडटोप्या, गळ्यात मफलर, हातात थर्मास, मुढीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, पिशवी. जामाईबाबू, वडील गेल्यापासून मी हे काउंटर चालवतो. अशी माणसं मी झोपेतही गाडीत बसवीन. मी धावलो, दोन बॅगा हिसकावल्या, वर टपावर फेकल्या, पासांगने दोर टाकला. त्यातले पुरुष म्हणाले, "ऐका, मी भवतोष लाहिरी, आम्ही—" मी म्हणालो, "लाहिरी असा नाहीतर चौधरी असा, आधी बसा! गाडी तुमच्यासाठीच थांबलीय." (हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं. पण त्या क्षणी लाहिरी म्हणजे माझ्या दृष्टीने एक सीट.) थोरल्या बाई म्हणाल्या, "अरे बाबा, आम्हाला जेवायला—" मी म्हणालो, "जेवण कर्सियांगला, पासांग थांबवेल." दुसऱ्या बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "आमचे व्याही इथे—" मी म्हणालो, "वर भेटतील!" आणि दार लावलं. भाडं घेतलं. खिडकीत वाकून माझं नेहमीचं वाक्यही म्हणालो, की उजव्या बाजूला बसा, दृश्य चांगलं दिसतं. गाडीच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि गाडी गेली.

त्यानंतर मी जो चहा घेतला, तसा समाधानाचा चहा मी पुष्कळ दिवसांत घेतला नव्हता.

चहा संपतोय तर शिप्राचा फोन. स्टेशनवर गाडी आली, रिकामी झाली, मेहुणा पाटी धरून उभाच आहे, लाहिरी नाहीत. मी म्हटलं, कोलकात्याची माणसं, चुकीच्या बाजूने उतरली असतील. मग तोर्सा आली. टोटोतून उतरली, माझ्यासमोर फोन धरला. शौभिकचा निरोप होता. त्याने लिहिलं होतं, "आई-बाबांनी गाडीऐवजी बस घेतली, तुझ्या वडिलांना अचानक गाठायचं म्हणून थेट काउंटरवर गेले. आता बाबा विचारतायत, तुझे वडील सगळ्यांना असंच पाठवून देतात का?" जामाईबाबू, खोटं सांगत नाही, मी काउंटरच्या फळीवर बसलो. पोरगी माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, त्यांनी तुम्हाला नाव सांगितलं होतं ना?"

आपल्याला वाटेल, आता भोंबल जीप काढून पाठलागाला सुटला असेल. तसं कोलकात्याचे लोक करतात. पासांग वळणावर फोन उचलत नाही, माझा एकही ड्रायव्हर उचलत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे, त्या दिवशीसुद्धा थोडा होता. मी कर्सियांगच्या काउंटरला फोन लावला. म्हटलं, खाली निघणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगा, पासांगच्या गाडीत मागच्या सीटवर भोंबलचे व्याही आहेत, त्यांना जपून उतरवा. बस्स. वरून उतरणारी पहिली गाडी रोहिणीच्या वळणावर पासांगला भेटली, खिडकीला खिडकी लावली, आणि पासांगने गाडी बाजूला घेतली. पासांग नंतर मला म्हणाला, "भोंबलदा, मी मागे वळून विचारलं, तुमच्यात भोंबलदाचे व्याही कोण? तर तो माणूस एवढा लाल झाला की मला वाटलं हेच असणार." पुढे तो म्हणाला की बाकीच्या सातांनी खाली उतरून तिघांची माफी मागितली. (आमची माणसं अशी आहेत. चूक माझी, माफी त्यांनी मागितली. कोंबडीवालाही उतरला होता.)

आता खाली यायचं कसं? पूजेची सुट्टी संपवून परतणारी गर्दी, खाली येणारी प्रत्येक गाडी गच्च. शेवटी धनमान राईचा ट्रक आला. इस्कुस या पहाडी भाजीच्या पोत्यांनी भरलेला, वर केरसुण्यांचे भारे. धनमान म्हणाला, "भोंबलदाचे पाहुणे ते माझे पाहुणे," आणि तिघांना केबिनमध्ये घेतलं. पिशीमा मधे, इलादेवी त्यांच्या बाजूला आणि लाहिरीमोशाय खिडकीशी, मांडीवर एक पोतं, कारण पोत्याला मागे जागा नव्हती. निरोप आला तसे आम्ही तिघं दार्जिलिंग मोडच्या चौकात जाऊन उभे राहिलो. शिप्राच्या हातात शंख, तोर्साच्या हातात ताट, माझ्या हातात मेहुण्याकडून आणलेला हार. ट्रक दिसला. शिप्राने शंख फुंकला. आणि ट्रक आमच्यासमोरून सरळ निघून गेला.

थांबला नाही! मोडवर ट्रक उभा करू देत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. शिवाय मंडईतला दुपारचा लिलाव कोणासाठी थांबत नाही, व्याह्यांसाठीही नाही. खिडकीतून एक माकडटोपी जाताना दिसली, तीही आमच्याकडे न बघता. शिप्रा म्हणाली, "गेलं. सगळं गेलं." आम्ही हार, ताट, शंख घेऊन टोटोत बसलो आणि ट्रकच्या मागे चंपासारीच्या मंडईत शिरलो. वाटेत तोर्सा म्हणाली, "रजिस्टर ऑफिस कुठे आहे, तेही विचारून घ्या आता." मला रडू येत होतं, ते खरं सांगतो. शहराची लाज राखायला निघालो होतो आणि मीच त्यांना सामानासारखं टपाखाली कोंबून पाठवलं होतं.

मंडईत नेहमीचा प्रलय होता. आल्याचे ढीग, मिरच्यांची पोती, बिहारचे हमाल, पहाडी बायका, आडतीवर बसलेले मारवाडी शेठ, आणि फाटकात दोन ट्रक असे अडकलेले की एक मागे येऊ शकत नाही आणि दुसरा पुढे जाऊ शकत नाही. मागे रांग, रांगेच्या मागे आणखी रांग, सगळे हॉर्न एकदम. आणि त्या दोन ट्रकांच्या मधे, केरसुणीचा एक दांडा हातात घेऊन, माकडटोपी कपाळावर सरकवून, एक गृहस्थ उभे राहून ओरडत होते, "डावीकडे काप! अरे डावीकडे! तुझी डावी, माझी नव्हे! बस्, बस्, बस्! आता तू थांब. तू ये. अरे तू नाही, तो!" हमाल त्यांचं ऐकत होते. मंडईचे हमाल माझं कधी ऐकत नाहीत. मी हार घेऊन पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "लाहिरीमोशाय, मी पुलकेश भादुडी—" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोण का असेना, आधी बाजूला व्हा! गाडी मागे येतेय!" आणि मला कोपराने ढकलून दिलं.

मी बाजूला झालो. आमची फिट्टंफाट झाली.

मागाहून पिशीमांनी सांगितलं ते असं. धनमान वाटेत एक शब्द बोलला नाही, फक्त सिगरेट पेटवायच्या आधी परवानगी घेतली. मंडईत आल्यावर तो म्हणाला, "दादू, जरा बसा, माल उतरवून सोडतो," आणि ट्रक अडकला. लाहिरीमोशाय थोडा वेळ बसले. मग त्यांचे पाय हलायला लागले. आपण मला सांगितलं होतंत की ते गोदीत नोकरीला होते, पण काय करायचे ते सांगितलं नव्हतंत. खिदिरपूरच्या गोदीत उभा जन्म जहाजांतून माल उतरवून घेण्यात गेला त्यांचा! निवृत्त झाल्यापासून फ्लॅटच्या गॅलरीत बसून खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांना सूचना देतात, असं पिशीमा म्हणाल्या, आणि कोणी ऐकत नाही. "आज माझ्या भावाचं किती दिवसांनी कोणी ऐकलं," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. इलादेवी मिरच्यांच्या पोत्यावर बसून माझ्या तोर्साशी बोलत होत्या. तोर्सा त्यांना डल्ले मिरचीच्या लोणच्याची रीत सांगत होती. ताट मधे कुठेतरी ठेवलेलं, त्यातला पेढा एका गाईने खाल्ला.

फाटक मोकळं झालं तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या. लाहिरीमोशाय घाम पुसत आले, हार स्वतःच माझ्या हातातून घेऊन गळ्यात घातला, आणि मला म्हणाले, "पुलकेशबाबू, एक विचारतो. हा सगळा माल इथे येतो आणि इथून जातो?" मी म्हणालो, "हो. वरचा खाली, खालचा वर." त्यांनी फाटकाकडे बोट केलं. मग म्हणाले, "गोदीत आम्ही दुसरं काय करत होतो? माल एका गाडीतून उतरवायचा, दुसरीत चढवायचा. त्यावरच तर कोलकाता उभं राहिलं. आणि मी आमच्या लोकांना सांगत फिरलो की सिलिगुडी म्हणजे गाडी बदलायची जागा. म्हणजे मी माझीच चेष्टा करत होतो की." जामाईबाबू, हे वाक्य त्यांनी मंडईत, चारचौघांत, मोठ्याने म्हटलं. साक्षीला धनमान आहे, आडतीवरचे अग्रवाल शेठ आहेत, आपण कोणालाही फोन करून विचारा.

जेवायला संध्याकाळ झाली. बोरोली मासे तीनदा गरम केले तरी त्यांची चव गेली नाही. (ते तिस्तेचे मासे आहेत.) लाहिरीमोशाय मासा संपवून, काटे बाजूला रचून, हात न धुताच म्हणाले, "लग्न इथे होईल. या दारात." शिप्रा आत जाऊन रडली. मी मात्र धीर धरून विचारलं, की आपल्याला भीती होती ना, वऱ्हाड सिलिगुडीला आलं की लग्न सोडून दार्जिलिंगला पळेल? तर ते म्हणाले, "पळून जाणार कशात बसून? गाड्या तर सगळ्या तुमच्याच काउंटरवरून सुटतात." पिशीमा माझ्याकडे बोट करून भावाला म्हणाल्या, "पण त्याला आधी माणसांची नावं ऐकायला शिकव." सगळे हसले. मीही हसलो, पण कमी.

तेव्हा आता सगळं ठरलं. हॉलची आगाऊ बोलणी आपण रद्द करावीत. कोणाला कारण सांगावं लागलं तर सांगा की मुलीचं शहर मोठं आहे, तिथे सगळं मिळतं, कोलकात्यातून काही न्यावं लागत नाही. गुडघ्याची काळजी घ्या. मुढी खात जा, वाफवलेली पपई खात जा. दीदीला प्रणाम, घरातल्या सगळ्या लहानांना आशीर्वाद, आणि आपल्याला पुन्हा एकदा विजयेचा, उजव्या पायाला जरा जोरात.

आपला कृपाभिलाषी,
भोंबल
(पुलकेश भादुडी)

ता. क. तिथी अग्रहायणातली धरली आहे, भटजी नक्की करून कळवतील. नवरदेवाचे मुकुट, टोपोर, कोलकात्याहून आणू नका. आमच्या बिधान मार्केटात त्याहून हलके आणि देखणे मिळतात.

पुन्हा ता. क. आत्ताच, शिप्रा आणि तोर्सा बाहेर गेल्या आहेत तोवर, एक नाजूक गोष्ट. लाहिरीमोशाय अजून इथेच आहेत. इलादेवी आणि पिशीमा वर जाऊन, सूर्योदय बघून, शाली घेऊन खालीही आल्या. ते गेलेच नाहीत. म्हणाले, "डोंगर आहे तिथेच राहणार आहे, लिलाव रोज होतो." पहाटे मंडईत जातात, तिथून माझ्या काउंटरवर येतात आणि माझ्या खुर्चीवर बसतात. गाड्या कशा लावाव्यात हे मला शिकवतात. आणि परवा घोषबाबूंनी सांगितलं की आमच्याच गल्लीतल्या तळमजल्याचं घर ते बघून आले, कोलकात्याचा फ्लॅट भाड्याने देऊन इथेच राहायचं म्हणतात. तोर्साच्या कानावर गेलं. ती मला म्हणाली, "बाबा, लग्न या दारातून करायचं म्हटलं होतं, लग्नानंतर याच गल्लीत राहायचं कोण म्हणालं? मी आणि शौभिक कोलकात्याच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकून जगाचं तोंड न बघता बसणार होतो. तुम्ही माझे सासरे इथे ठेवून घेतलेत!" म्हणून ती रागावली आहे. हे पत्र लिहिण्यामागचं खरं कारण हेच. कृपा करून आपण त्यांना फोन करा. पेन्शनचं काही निघालं म्हणा, नळ फुटला म्हणा, काहीही म्हणा, पण त्यांना परत बोलवा.

आणखी एक ता. क. (पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं.) वरची विनंती मागे घेतो. फोन करू नका. आज सकाळी पासांगची गाडी लागली होती, नऊ जण बसलेले, एक जागा रिकामी, आणि कोलकात्याचा एक तरुण बॅग घेऊन आला. मी उठलोच होतो. त्याने सहज विचारलं, "इथे सिलिगुडीत बघण्यासारखं काही आहे का?" मी तोंड उघडायच्या आत लाहिरीमोशाय खुर्चीवरून म्हणाले, "बसा. सांगतो." आणि सांगत राहिले. नऊ जण ओरडत होते, पासांग हॉर्न वाजवत होता, आणि तो तरुण बॅगेवर बसून ऐकत होता. मग त्याने बॅग उचलली आणि मंडईचा रस्ता विचारून निघून गेला. मी काउंटर सांभाळायला लागल्यापासून असा एकही प्रवासी पाहिला नव्हता. मी पासांगच्या गाडीला दोन थापा मारल्या आणि ती एक माणूस कमी असताना सोडली. तोर्साने हे ऐकलं आणि संध्याकाळी लाहिरीमोशायना चहा तिनेच नेऊन दिला. त्यांना राहू द्या.

आणि आपण मला षष्ठीच्या त्याच फोनवर सांगितलं होतंत, की लग्न तुमच्याकडेच ठरलं तर त्या दिवसांसाठी दार्जिलिंगचं हॉटेल बघून ठेव, लग्न लागलं की रात्रीच वर निघू. जामाईबाबू, ते मी बुक केलेलं नाही आणि करणारही नाही. तीस वर्षं आपण आलात की खाली इंजिन चालू असतं. दीदी उभ्या उभ्या चहा पिते, आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि आपला हॉर्न ऐकून परत फिरते. या वेळी ती खोली मी आपल्या दोघांसाठी पुसून, चादर घालून ठेवली आहे.